कॅन्सर टाळण्याचा स्वयंपाक: शिकवणार कोण, शिकणार कोण?

गेल्या काही वर्षांत शहरांतून वस्त्यांपर्यंत एक नवा कार्यक्रम पोहोचला आहे. वस्तीतल्या बायकांना एका हॉलमध्ये जमवायचं, समोर गॅसची शेगडी मांडायची आणि ‘कॅन्सर टाळायचा असेल तर असं शिजवा, असं खा’ हे करून दाखवायचं. कधी तो आरोग्य शिबिराला जोडलेला असतो, कधी महिला दिनाला, कधी एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीला. सप्टेंबरच्या पोषण महिन्यात अंगणवाड्यांमध्ये होणारी पाककृतींची प्रात्यक्षिकं ही याचीच सरकारी बहीण. मी अशा वर्गांच्या बाजूने आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे त्यांच्यावर बरंच बोलणार आहे आणि ‘यांना सगळ्यातच जात दिसते’ हे वाक्य ऐकायची आपल्याला सवय आहे.

बाजूने आहे, कारण मुद्दा खोटा नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ३० ते ५० टक्के कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत. तंबाखू, दारू, वाढलेलं वजन, हालचालींचा अभाव, काही विषाणूंचे संसर्ग आणि आहार ही त्यातली मोठी कारणं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात देशाच्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहारामुळे असल्याचं म्हटलं आहे. हा आकडा फक्त कर्करोगाचा नाही, साखर, रक्तदाब, हृदयविकार सगळं त्यात आलं. पण ताटात काय पडतं याने आयुष्याची लांबी ठरते, हे त्यातून कळतं. आणि आपल्या ताटात काय पडायचं हे या देशात आपण कधीच एकट्याने ठरवलेलं नाही.

मी चंदीगडच्या सेक्टर ३९ मध्ये राहते. नोकरीच्या निमित्ताने आले आणि राहिले. या सेक्टरमध्ये धान्याची मोठी मंडी आहे, शहराला पाणी पुरवणारं जलकेंद्र आहे आणि सूक्ष्मजीवांवर संशोधन करणारी ‘इमटेक’ ही केंद्र सरकारची संस्थाही आहे. सेक्टर २६ मधली भाजी-फळांची मंडी इथे हलवायची योजना कित्येक वर्षं कागदावर चालू आहे. म्हणजे धान्य, पाणी, विज्ञान आणि पुढेमागे भाजीपाला, सगळं एका सेक्टरमध्ये. पश्चिमेला थोडं पुढे गेलं की दादूमाजराचा कचरा डेपो. शहराचा कचरा तिथे डोंगरासारखा साचत आला आणि त्याच्या वासात राहणाऱ्या वस्तीत सफाईचं काम करणारी अनेक कुटुंबं आहेत. ली कॉर्बुझिएच्या आखीव शहराचा हा भाग पर्यटकांच्या नकाशात नसतो.

याच भागात एका संस्थेने घेतलेल्या अशा स्वयंपाकाच्या वर्गाला मी दोन रविवार गेले. संस्था चांगली होती, माणसं प्रामाणिक होती. शिकवणाऱ्या मॅडम आहारतज्ज्ञ होत्या, समोर बसलेल्या बहुतेक बायका घरकाम करणाऱ्या किंवा सफाई कामगारांच्या घरच्या. ओट्सचा चिला, मोड आलेल्या मुगाचं सॅलड, ‘तेलाशिवाय भाजी’. एका बाईने विचारलं, ‘मैडम जी, अंडे का कुछ बताओ, बच्चे खाते हैं.’ उत्तर आलं की या हॉलमध्ये अंडं चालत नाही, कमिटीचा नियम आहे. मग मॅडमनी समजावणीच्या सुरात जोडलं की तसंही सात्त्विक आहाराने शरीर शुद्ध राहतं आणि कॅन्सर दूर राहतो. बायकांनी मान हलवली. मान हलवणं हे या देशात गरीब बाईचं सगळ्यात जुनं पोषणशास्त्र आहे.

त्या एका वाक्यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटवल्या होत्या, विज्ञान आणि शुद्धता. मोड आलेले मूग, पालेभाजी, तंतुमय धान्य चांगलं, हे विज्ञान आहे. अंड्याने शरीर अशुद्ध होतं, हा मनुस्मृतीचा उरलेला मसाला आहे. दोन्ही एकाच पातेल्यात घातले की खाणाऱ्याला वेगळं काढता येत नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवी घेतली आहे, त्या तुमच्या-माझ्यासारख्यांचं काम इथे सुरू होतं. घरात डॉक्टरचा कागद वाचणारे आपणच, व्हॉट्सॲपवर आलेलं ‘लिंबू गरम पाण्याने कॅन्सर बरा’ हे खरं की खोटं असं आई फोनवर विचारते ते आपल्यालाच. आपल्याला दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवता आल्या पाहिजेत, आणि त्यासाठी आधी स्वतःला माहीत पाहिजे.

तर माहितीपासून सुरुवात करू, तीही अवघड जागेपासून.

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस हे कर्करोगाचं कारण असल्याचं जाहीर केलं आणि गाय, बैल, म्हैस, डुक्कर, शेळी, मेंढी यांचं लाल मांस ‘बहुधा कारण’ या गटात ठेवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली होती (गायींवर ती १९७६ च्या कायद्याने आधीच होती). साहजिकच बंदीच्या समर्थकांना आनंद झाला, ‘बघा, विज्ञानही तेच सांगतं’. आणि आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी ब्राह्मणी कट म्हणून झटकून टाकली. दोन्ही बाजूंनी मूळ निष्कर्ष वाचायची तसदी घेतली नाही. त्या संस्थेने मांडलेलं असं: प्रक्रिया केलेलं मांस रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या १८ टक्के आहेत. धरून चला की दहा हजार माणसांत शंभर जणांना आयुष्यात हा आजार होणार होता, तर रोज खाणाऱ्या दहा हजारांत तो ११८ जणांना होईल. भारतात या कर्करोगाचं प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा मुळातच बरंच कमी आहे. आणि तंबाखू त्याच पहिल्या गटात आहे याचा अर्थ मांस तंबाखूइतकं घातक असा होत नाही. पुरावा किती पक्का आहे एवढंच तो गट सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. चिकन, अंडी, मासे यांचा त्या निष्कर्षात समावेशच नाही. आठवड्यातून एकदा परवडलं तर मटण आणणाऱ्या घराला तो अहवाल घाबरवत नाही.

पण प्रक्रिया केलेलं म्हणजे काय, हेही त्या व्याख्येत आहे: मीठ लावून, वाळवून मुरवून, धुरी देऊन टिकवलेलं. सॉसेज, बेकन आलंच. मग मिठाच्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातलेल्या आपल्या चान्या? त्याही बहुधा यातच मोडतात. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांमध्ये चान्या हा पदार्थ हौसेने जन्मला नाही. एकदम मिळालेलं मांस पुढच्या उपाशी महिन्यांसाठी साठवायची ती युक्ती होती. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात हे सगळं जेवण लाज न बाळगता आणि गोडवे न गाता लिहून ठेवलं. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलित घरांतल्या जेवणाच्या आठवणी आणि कृती गोळा करून ‘इजन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका काढली. चान्यांचा इतिहास आपला आहे, तो जपायलाच हवा. पण इतिहास जपण्यासाठी रोज खायलाच पाहिजे असं नाही. कोणी आपल्या ताटाकडे बोट दाखवलं म्हणून ताटातली प्रत्येक गोष्ट आरोग्यदायी असल्याचा दावा आपण करायला लागलो, तर तेही त्यांच्याच अजेंड्यावर नाचणं झालं.

आपल्याकडे आहार बदलण्याची पहिली मोठी मोहीम कुठल्या आहारतज्ज्ञाने चालवली नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं सांगितलं आणि गावोगाव लोकांनी ते सोडलं. पोटाला चिमटा घेऊन सोडलं, कारण त्या बदल्यात कोणी दुसरं अन्न देणार नव्हतं. मेलेली ढोरं ओढायचं नाकारलं म्हणून अनेक गावांत बहिष्कार सोसावे लागले. या कामातून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिशोब मांडून अस्पृश्यांचं नुकसान होतंय असं सांगणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही घेतला. लोकांनी ऐकलं, कारण सांगणारा त्यांच्यातला होता आणि त्यांचा अपमान करून सांगत नव्हता. हॉलमधल्या मॅडमकडे आहारशास्त्राची पदवी होती. ही दुसरी गोष्ट मात्र नव्हती.

आता मांसाइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा विषय, ज्याचं नाव अशा वर्गांत क्वचितच निघतं. मशेरी.

आपल्या भागात बायका सकाळी दात घासायच्या निमित्ताने मशेरी लावतात, दिवसातून चार-पाच वेळा लावतात. ती तयार कुठे होते? तव्यावर. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि चुरायची. ज्या तव्यावर भाकरी होते त्याच चुलीवर. म्हणजे महाराष्ट्रातल्या बायकांच्या कर्करोगाचं एक मोठं कारण अक्षरशः स्वयंपाकघरात शिजतं, आणि कॅन्सर टाळण्याच्या स्वयंपाकवर्गात ओट्स शिकवले जातात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचं कुठलं ना कुठलं रूप वापरत होते, आणि त्यात धूर न करणाऱ्या तंबाखूचाच वाटा प्रचंड होता. पंजाबात हे प्रमाण १३.४ टक्के, साधारण निम्मं. शीख धर्मात तंबाखू वर्ज्य आहे हे त्याचं एक कारण. म्हणजे सवय बदलू शकते, समाज म्हणून बदलू शकते. सुपारीचंही तेच. तंबाखूशिवायची नुसती सुपारीसुद्धा कर्करोग करते, हे त्याच आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली सांगितलं. हळदी-कुंकवाला, लग्नात, पाहुण्यांपुढे सुपारीचं तबक फिरतं, ते कोणाला असात्त्विक वाटत नाही. गुटख्याला नावं ठेवणाऱ्यांच्या घरातही पानाचा डबा असतोच. दारूचा पुरावाही तितकाच पक्का आणि तितकाच जुना आहे, आणि आपल्या जयंतीच्या मिरवणुकांमध्ये त्याबद्दल बोलायला कोणाला आवडत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

चुलीचा धूर हा आणखी एक. लाकूड-गोवऱ्यांचा घरातला धूर ‘बहुधा कर्करोगकारक’ आणि दगडी कोळशाचा घरातला धूर नक्की कर्करोगकारक, असं त्या संस्थेचं २०१० सालचं प्रकाशन सांगतं. गॅस जोडणी घरोघर पोहोचली, पण सिलिंडर संपला की पुन्हा चूल पेटते. तेव्हा ‘काय शिजवता’ याआधी ‘कशावर शिजवता’ हा प्रश्न येतो. त्याच प्रकाशनात खूप तापलेल्या तेलात तळण्याच्या वाफेचाही उल्लेख ‘बहुधा’च्या गटात आहे. वडापावच्या गाडीवर आठ तास कढईसमोर उभा असलेला माणूस ती वाफ घेतो, गिऱ्हाईक नाही. वारंवार तापवलेल्या तेलाला २०१८ पासून कायद्याने मर्यादा आहे. ती मोजायला गाड्यावर कोण येतं, हा वेगळा विषय.

राहिला खाण्याचा मूळ सल्ला: भरड धान्य, डाळी, पालेभाज्या, फळं. हा सल्ला बरोबर आहे, आणि यातलं निम्मं ताट आपल्याच आज्यांचं होतं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी, करडईची भाजी, जवसाची चटणी, कारळाची चटणी. माझी आजी यातलं बरंच बांधावरून आणायची, विकत नाही. मग ते गेलं कुठे? मराठवाड्यात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, तणनाशकाने बांधावरची भाजी संपली, रेशनवर गहू-तांदूळ आला. रेशनने आपल्याला जगवलं, त्याला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण आज ज्वारी रेशनच्या गव्हाच्या कित्येक पट महाग आहे, आणि रानभाजी महोत्सवात तांदुळज्याची जुडी विकत घेणारा माणूस गाडीतून उतरतो. जे अन्न काल ‘महारवाड्यातलं खाणं’ म्हणून हिणवलं गेलं, तेच २०२३ च्या भरडधान्य वर्षात ‘सुपरफूड’ झालं. नाव बदललं, भाव बदलला, मालक बदलला. आनंद इतकाच की तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांची बियाणं जपली, तेव्हा त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. शाळेत न गेलेल्या या बाईने कृषी विद्यापीठांना शिकवलं.

इकडे पंजाबातही हेच आहे. चाकवताला इथे बथुआ म्हणतात, गव्हाच्या शेतात तो तण म्हणून उगवतो. सरसोंच्या सागात बथुआ पडला की चव येते. पण साग आणायला शेत लागतं. २०११ च्या जनगणनेनुसार पंजाबची जवळपास ३२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जातींची आहे, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त, आणि त्यांच्याकडे जमीन नगण्य. जाट जमीनदाराच्या शेतात चारा कापायला जाणाऱ्या दलित बाईला काय ऐकून आणि काय सोसून यावं लागतं, हे इथल्या बायका दबक्या आवाजात सांगतात. गावच्या सामायिक जमिनीपैकी एक तृतीयांश जमीन अनुसूचित जातींना कसायला देण्याची तरतूद १९६१ च्या कायद्यापासून आहे. ती प्रत्यक्षात मिळवण्यासाठी संगरूर भागात ‘जमीन प्राप्ती संघर्ष कमिटी’ला लाठ्या खाव्या लागल्या. ज्या गावांत ती जमीन मिळाली तिथे बायकांना आपल्या हक्काच्या रानातून चारा आणता येऊ लागला. पालेभाजी खाण्याच्या सल्ल्याची खरी तयारी ही अशी होते. मला वाटतं, कुठल्याही आहारवर्गापेक्षा ते आंदोलन कर्करोगप्रतिबंधाच्या जास्त जवळ आहे. पण असं म्हटलं की आरोग्य विभागातली माणसं हसतात.

पंजाब म्हटलं की लोकांना भटिंड्याहून बिकानेरला रुग्ण घेऊन जाणारी ‘कॅन्सर ट्रेन’ आठवते आणि मग मालव्यातली कीटकनाशकं. त्यात तथ्य शोधायलाच हवं. पण २०१३ पासून टाटा मेमोरियल आणि चंदीगडच्या पीजीआयने चंदीगड, मोहाली, संगरूर आणि मानसा इथे कर्करोगाच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली, तेव्हा वयानुसार काढलेलं प्रमाण मानसा-संगरूरपेक्षा शहरी चंदीगड-मोहालीत जास्त निघालं. निदान शहरात लवकर होतं हे एक कारण असू शकतं, बदललेलं राहणीमान दुसरं. ट्रेनमधून जाणारी माणसं मात्र खेड्यातली, कारण उपचार जवळ नव्हते. संगरूरला आणि ऑगस्ट २०२२ पासून चंदीगडजवळच्या मुल्लांपूरला टाटा मेमोरियलची रुग्णालयं झाल्यावर तो प्रवास थोडा आखूड झाला. पीजीआयच्या बाहेर जगदीश लाल आहुजा वर्षानुवर्षं रुग्णांच्या नातेवाइकांना फुकट जेवू घालायचे. फाळणीत पेशावरहून आलेला, केळी विकून मोठा झालेला माणूस, २०२० ला पद्मश्री, स्वतःला कर्करोग झाला तरी लंगर बंद केलं नाही. २०२१ मध्ये ते गेले. त्यांच्या रांगेत जात विचारली जात नसे. लंगरची मूळ कल्पनाच ती आहे, जरी याच पंजाबात अनेक गावांत दलितांचे गुरुद्वारे आणि स्मशानं आजही वेगळी आहेत.

लंगरवरून आठवलं, शिजवण्याच्या अधिकाराचं. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००४ मध्ये शाळांच्या मध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या असा आदेश दिला. त्यानंतरही दलित बाईने शिजवलं म्हणून मुलांनी डबे घरून आणल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. २०१७ मध्ये पुण्यात एका सुशिक्षित बाईने, आपल्या स्वयंपाकिणीने जात लपवून सोवळं मोडलं अशी पोलिसात तक्रार केली. २०२३ मध्ये मुंबई आयआयटीत मेसमध्ये फक्त शाकाहाऱ्यांची वेगळी टेबलं लागली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. आणि राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेतल्या पोरांना आठवड्यातून एक अंडं द्यायला सुरुवात केली, ते जानेवारी २०२५ मध्ये पैशांचं कारण देऊन लोकवर्गणीवर सोडून दिलं. एक अंडं! हॉलमधल्या बाईने विचारलेला प्रश्न लहान नव्हता.

म्हणून माझा पहिला आक्षेप, शिकवणारी कोण. आपल्या बायकांना शिकवायला बाहेरून कोणी आणावं लागतं, ही समजूत खुद्द कर्करोगाच्या क्षेत्रातच खोटी ठरलेली आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर एक मोठी चाचणी केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं. त्यांनी साध्या व्हिनेगरने, म्हणजे सौम्य ॲसेटिक आम्लाने, गर्भाशयमुखाची तपासणी केली, आणि त्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. माझं माहेर ज्या जिल्ह्यात आहे त्या तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने, १,३१,७४६ बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले, हे २००९ साली जगाला कळलं. तुळजापूर-भूमच्या बायकांमुळे जगभरातले नियम बदलले. (तुलनेसाठी ठेवलेल्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नाही आणि त्यातल्या काही वाचू शकल्या असत्या, यावर पुढे बरीच टीका झाली. ती मला रास्त वाटते.) आणि आज काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या फक्त १.९ टक्के, तोंडाची आणि स्तनाची प्रत्येकी ०.९ टक्का. जिथून ज्ञान निघालं तिथेच ते परतलं नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. ‘तुमच्या खाण्यामुळे कॅन्सर होतो’ हे वाक्य वस्तीत पोहोचेपर्यंत ‘तुमच्याच कर्माने कॅन्सर झाला’ असं होतं. आजारी बाई सगळ्यात आधी विचारते, मी काय खाल्लं? शेजारीण विचारते, काय पाप केलं? दोन्ही प्रश्नांचा सूर एक आहे. शास्त्र सांगतं ते लाखोंच्या सरासरीबद्दल. एका बाईला झालेल्या एका गाठीचं कारण त्यातून निघत नाही. कर्मसिद्धान्ताने आपल्याला हजारो वर्षं आपल्याच दुःखाचे आरोपी केलं, आता तेच काम कॅलरीच्या तक्त्याने करू नये. कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणं कोणी निवडत नाही, गटारात उतरणं कोणी निवडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली निम्म्याहून अधिक भारतीयांना सकस आहार परवडतच नव्हता. हेही कोणी निवडलेलं नाही.

मग वर्ग कसा असावा? मी त्या संस्थेच्या लोकांशी नंतर बोलले. ते ऐकून घेत होते, हेही नोंदवते. मी म्हटलं, हॉल बदला, जिथे अंडं शिजवता येईल असा घ्या. शिकवायला वस्तीतल्याच दोन बायका ठेवा आणि त्यांना मानधन द्या, मॅडम बाजूला बसून चुकलं तिथे सांगतील. सुरुवात पाककृतीने नको, प्रत्येकीच्या घरी काल काय शिजलं, किती वाजता, कशावर आणि कितीला, इथून करा. सहा वाजता कामाला निघणाऱ्या बाईला रात्री मूग भिजत घाल सांगणं सोपं, पण तिच्या घरी पाणी किती वाजता येतं ते विचारा. तेल ‘शून्य’ नको, मोजून घ्यायला शिकवा, महिन्याला घरात किती माणसं आणि किती लिटर. मीठ, साखर, पोरांच्या हातातली पाच रुपयांची पाकिटं यावर बोला. पुरुषांना बोलवा, कारण भाजी कोणती आणायची आणि दारूवर किती उडवायचे हे अनेक घरांत तेच ठरवतात. आणि वर्ग संपताना त्याच जागी नर्सबाईंकडून तोंडाची तपासणी करून घ्या, बाकीच्या दोन तपासण्यांसाठी आरोग्य केंद्राची तारीख हातात द्या. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामाचाच भाग आहे, उपकार नाही. महाराष्ट्रात पुढे उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोग येतो, हे माहीत नसल्याने दागिने विकलेली घरं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

त्यांनी हॉलचं अजून ठरवलेलं नाही. मानधनावर ‘फंडात बसत नाही’ असं उत्तर आलं. आहारतज्ज्ञांचं मानधन बसतं.

आपल्या वस्त्यांमध्ये मात्र कोणाच्या हॉलची वाट पाहायची गरज नाही. बुद्धविहारं आहेत, समाजमंदिरं आहेत, १४ एप्रिलच्या वर्गणीचा हिशोब आहे. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात दोन शेगड्या, दोन सिलिंडर, शंभर अंडी, एक पोतं ज्वारी आणि दोन बायकांचं महिन्याचं मानधन निघतं. तुमच्यापैकी जे नर्सिंग, गृहविज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक कार्य शिकले आहेत, त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर पहिल्या वर्गात फक्त एक काम करायचं: मशेरी लावणाऱ्या आपल्या आई-मावशी-काकूंना ओठ, गालाच्या आतली बाजू आणि जिभेखालची जागा आरशात कशी बघायची ते दाखवायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवशी सोबत दवाखान्यात जायचं. आरसा घरात असतोच, उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च पुरतो.